मालखान्यातून गेलेलं सोनं

१९४७ च्या सप्टेंबरातली २० तारीख संपून २१ लागत होती. फ्रंटियर मेल मध्यरात्रीच्या सुमारास मीरतला पोहोचली आणि अमृतसरच्या एका सराफी पेढीचा भागीदार सामानसुमान घेऊन उतरला. सामान म्हणजे मुख्यतः सोनं आणि चांदी, मीरतच्या बाजारात विकायला आणलेली. फाळणीला जेमतेम पाच आठवडे झाले होते. अशा दिवसांत अमृतसरहून आलेला माणूस रात्री बाराला बोजे घेऊन चौपला बाजारातून चालतोय म्हटल्यावर पोलिसांनी हटकलं नसतं तरच नवल. तीन शिपायांनी त्याला अडवलं, झडती घेतली आणि कोतवालीत नेलं. तो कोठडीत गेला आणि माल जप्त झाला. सोनं १०३ तोळे ६ मासे १ रत्ती, चांदी २ मण साडेसहा शेर. (रत्ती म्हणजे आपली गुंज. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा.)

२१ तारखेला त्याला जामीन मिळाला. काही काळाने चांदीही परत मिळाली. सोनं काही मिळेना. पेढीने पुन्हापुन्हा मागितलं, तेव्हा खरा प्रकार बाहेर आला. जप्त माल कोतवालीच्या मालखान्यात ठेवला होता आणि मालखाना एका हेड कॉन्स्टेबलच्या ताब्यात होता. १७ ऑक्टोबर १९४७ रोजी, म्हणजे जप्तीनंतर चार आठवडेही उलटायच्या आत, हा गृहस्थ सोनं घेऊन पाकिस्तानात पसार झाला. त्याच्यावर फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा नोंदवला गेला, पण तो हाती लागला नाही. नव्या सरहद्दीपलीकडे गेलेल्या माणसाला १९४७ मध्ये कोण पकडून आणणार होतं?

पेढीने सरकारवर दावा लावला. सोनं द्या, नाही तर त्याची किंमत द्या: ११,०७५ रुपये १० आणे, आणि व्याजापोटी ३५५ रुपये. हा आकडा मी एकदा मांडून पाहिला. साडेएकशेतीन तोळे आणि वर एक गुंज, याला १०७ रुपये तोळ्याने गुणलं की आण्यापर्यंत हाच आकडा येतो. म्हणजे दावा सराफानेच मांडलेला, शंका नको. आजच्या मापात ते सोनं सव्वा किलोला थोडं कमी भरतं.

प्रकरण एवढंच. नोकराने मालकाच्या ताब्यातली तिसऱ्याची वस्तू पळवली, नोकर सापडत नाही, मालक समोर उभा आहे. भरपाई मालकाकडून घेता येईल का? मालक जर लाँड्रीवाला, गोदामवाला किंवा बँक असती, तर हे कोर्टात फार दिवस चाललं नसतं. इथे मालक होतं सरकार, आणि म्हणून निकालाला सतरा वर्षं लागली.

आधी साधा मालक धरून पाहू. त्याशिवाय पुढची गंमत कळायची नाही.

नोकराच्या चुकीचं खापर मालकावर का फुटावं? मालकाची स्वतःची काहीच चूक नसते. तरी कायदा म्हणतो की, नोकराने नोकरीच्या ओघात केलेल्या अपकृत्याला (म्हणजे दुसऱ्याचं नुकसान करणाऱ्या, भरपाईला पात्र अशा चुकीच्या कृत्याला) मालक जबाबदार. कंपनीच्या ड्रायव्हरने माल पोचवताना कुणाला उडवलं तर कंपनी भरते, इथपर्यंत सगळ्यांना पटतं. अडतं ते चोरीपाशी. मालक म्हणतो, “मी त्याला माल सांभाळायला नेमलं होतं, चोरायला नाही. चोरी हे त्याचं खाजगी काम.” वरवर बिनतोड वाटणारा हा बचाव इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १९१२ मध्येच मोडीत काढला. एका सॉलिसिटर फर्मच्या कारकुनाने अशील म्हणून आलेल्या विधवेकडून गोड बोलून कागदांवर सह्या घेतल्या आणि तिची मालमत्ता स्वतःच्या नावावर करून घेतली. फर्मला त्यातली दमडी मिळाली नव्हती. तरी फर्मच जबाबदार ठरली, कारण त्या बाईंना भेटायला, त्यांची कागदपत्रं हाताळायला फर्मनेच त्याला बसवलं होतं. लॉइड विरुद्ध ग्रेस स्मिथ हे ते प्रकरण.

मीरतशी याहून जास्त जुळणारं एक इंग्लिश प्रकरण १९६५ चं आहे. एका बाईंनी मिंक फरचा स्टोल साफ करायला दिला. दुकानदाराने तो दुसऱ्या धुलाईवाल्याकडे पाठवला आणि तिथल्या ज्या कामगाराच्या हातात सफाईसाठी दिला, त्यानेच तो लांबवला. मॉरिस विरुद्ध मार्टिन या खटल्यात अपील कोर्टाने सांगितलं की धुलाईवाल्याने भरून द्यावं. त्यातला बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. तिथेच काम करणाऱ्या, पण त्या स्टोलशी काही संबंध नसलेल्या एखाद्याने जाता-जाता तो उचलला असता, तर केवळ ‘आमचा नोकर’ एवढ्यावरून मालक अडकला नसता. वस्तू ज्याच्या हवाली केली त्यानेच ती पळवली, हा अडकवणारा धागा. आपल्या भाषेत सांगायचं तर इस्त्रीला टाकलेली पैठणी इस्त्री करणाऱ्या पोऱ्याने नेली तर दुकानदार भरणार. दुकानाच्याच, पण फक्त चहापाणी बघणाऱ्या पोऱ्याने नेली तर निव्वळ नोकराच्या चोरीबद्दल म्हणून दुकानदाराला धरता येणार नाही. त्याने स्वतः हलगर्जी केली का, हा निराळा प्रश्न.

आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही १९७८ मध्ये हाच धागा उलट्या टोकाने धरला. अलाहाबादच्या एका बँकखातेदार बाईंनी खात्यात भरायचे पैसे ओळखीच्या बँक कर्मचाऱ्याकडे दिले, काउंटरवर नाही. त्याने पासबुकात खोट्या नोंदी करून ते खाल्ले. स्टेट बँक विरुद्ध श्यामादेवी म्हणून हे प्रकरण प्रसिद्ध आहे. कोर्टाने बँकेला सोडलं, कारण पैसे त्याच्या हाती आले ते बँकेचा माणूस म्हणून नव्हे, घरोब्यातला माणूस म्हणून. निकाल त्या बाईंना कडू लागला असणार, पण कसोटी सरळ आहे: वस्तू नोकराच्या हाती कुठल्या नात्याने आली?

आता मीरतच्या हेड कॉन्स्टेबलला या कसोटीवर लावा. सोनं त्याच्या हाती आलं ते मालखाना सांभाळणारा म्हणूनच. ते सांभाळणं हीच त्याची नोकरी होती. शिवाय वरच्यांचा हलगर्जीपणाही होता. जप्त मालाची काळजी कशी घ्यायची याचे पोलिस नियमावलीत सविस्तर नियम होते, आणि ते पाळले गेले नाहीत असं सर्वोच्च न्यायालयानेच नोंदवलं. म्हणजे चोरी पण नोकरीच्या ओघात आणि निष्काळजीपणा पण नोकरीच्या ओघात. खाजगी मालक असता तर दोन्ही दारांनी सापडला असता.

पहिल्या कोर्टाने तसंच केलं आणि ११,४३० रुपये १० आण्यांचा हुकूमनामा दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला: निष्काळजीपणा झालेला नाही, आणि झाला असला तरी सरकार जबाबदार नाही. पेढी सर्वोच्च न्यायालयात गेली. पाच न्यायमूर्तींचं पीठ बसलं आणि २९ सप्टेंबर १९६४ ला निकाल लागला. निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकरांनी.

गजेंद्रगडकर साताऱ्याचे. मुंबई उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले. औद्योगिक आणि कामगार कायद्यात त्यांनी घालून दिलेल्या वाटा अजून वापरात आहेत. मालक आणि नोकर या नात्याची त्यांच्याइतकी जाण असलेला न्यायाधीश त्या काळात क्वचितच कुणी असेल. म्हणून या निकालाकडे अपेक्षेने जावं, तर पेढी हरलेली दिसते. निष्काळजीपणा झाला, हे त्यांनी मान्य केलं. तो नोकरीत असताना झाला, हेही मान्य केलं. तरी भरपाई नाही.

कारण? संशयिताला अटक करणं, झडती घेणं, माल जप्त करणं हे अधिकार सार्वभौम सत्तेचे आहेत, आणि कायद्याने नेमून दिलेलं असं काम करताना नोकराने अपकृत्य केलं तर सरकारवर दावा चालत नाही. काम सार्वभौम सत्तेतून आलेलं नसेल, कुठलाही खाजगी मालक नोकराकडून करून घेईल असं असेल, तर मात्र सरकारही इतर मालकांसारखंच जबाबदार.

ही विभागणी आली कुठून? राज्यघटनेच्या अनुच्छेद ३०० मध्ये सरकारवर दावा कधी लावता येतो ते सांगितलंय. सांगितलंय म्हणजे मागच्या कायद्याकडे बोट दाखवलंय. तो १९३५ चा कायदा १९१५ च्या कायद्याकडे बोट दाखवतो, १९१५ चा १८५८ च्या कायद्याकडे आणि १८५८ चा थेट ईस्ट इंडिया कंपनीकडे. मथितार्थ असा, की स्वतंत्र भारतातल्या सरकारवर अमुक दावा चालेल का, हे ठरवायला कंपनी सरकारवर तो चालला असता का हे पाहायचं. १९६४ मधला अमृतसरचा सराफ, आणि त्याचं भांडण ठरणार जॉन कंपनीच्या, म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या मापाने!

त्या मापाचं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात जास्त उगाळलेलं उदाहरण १८६१ चं, कलकत्त्याचं. पी अँड ओ या जहाज कंपनीची दोन घोड्यांची गाडी गार्डन रीचहून शहराकडे चालली होती. वाटेत खिदिरपूरची सरकारी गोदी. तिथले मजूर बोटीच्या कामासाठी लोखंडाचा एक अवजड तुकडा खांद्यावर घेऊन रस्ता ओलांडत होते. गाडी आली, ओरडाआरडा झाला, पुढचे मजूर एकीकडे आणि मागचे दुसरीकडे सरकले, आणि सगळ्यांनी लोखंड तिथेच टाकून पळ काढला. आवाजाने घोडे बिथरले, त्यावर धडकले आणि एक जखमी झाला. मागणी ३५० रुपयांची. तिथले मुख्य न्यायाधीश सर बार्न्स पीकॉक यांनी ती मान्य केली: बोटी दुरुस्त करणं हे कुठलीही कंपनी करते, त्यात राज्य करण्याचा काही संबंध नाही, तेव्हा सरकारने भरावं.

म्हणजे ज्या निकालात सरकार हरलं आणि घोड्याचे पैसे मिळाले, त्याच निकालाच्या आधारे शंभर वर्षांनी सरकार जिंकलं आणि सोन्याचे पैसे बुडाले. पीकॉक यांनी जाता-जाता म्हटलं होतं की सार्वभौम अधिकाराचं काम असतं तर गोष्ट वेगळी. गोदीच्या प्रकरणात त्या वाक्याची गरजच नव्हती. पण तेच वाक्य पुढे कायदा होऊन बसलं.

दरम्यान दोनच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने अगदी निराळा सूर लावला होता. उदयपूरला कलेक्टरची जीप दुरुस्तीहून परत आणताना सरकारी ड्रायव्हरने एका पादचाऱ्याला उडवलं आणि तीन दिवसांनी तो गेला. राजस्थान विरुद्ध विद्यावती. कोर्टाने १५,००० रुपयांची भरपाई कायम केली आणि वर हेही सुनावलं, की राजा चूक करूच शकत नाही असल्या सरंजामी कल्पनांना प्रजासत्ताकात थारा नाही. कस्तुरीलाल निकालात (आपलं सोन्याचं प्रकरण पुढे कस्तुरीलाल याच नावाने ओळखलं गेलं) गजेंद्रगडकरांनी विद्यावती खोडून काढली नाही, बाजूला ठेवली. जीप गॅरेजमधून येत होती, ते काही सार्वभौम काम नव्हे. आता यातून व्यवहारात काय निघालं पाहा. तीच जीप, तोच ड्रायव्हर, तोच रस्ता. जीपमध्ये अटक केलेला आरोपी बसलेला असता तर? मेलेल्याच्या बायकोने आधी जीप कुठून कुठे चालली होती हे विचारायचं आणि मग रडायचं.

निकाल कुठे अडखळला याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्यांनी जप्ती आणि राखण या दोन गोष्टी एकच मानल्या. रात्री बाराला रस्त्यात माणसाला थांबवून त्याचं सामान उघडायला लावणं सरकारशिवाय कोणी करू शकत नाही, हे कबूल. पण एकदा माल आत आला की तो तोलणं, यादी करणं, कुलपात ठेवणं आणि परत देणं हे काम बँकेचा लॉकरवाला करतो, रेल्वेचा पार्सल क्लार्क करतो, देवस्थानचा कोठीवाला करतो. चोरी झाली ती या दुसऱ्या कामात. कुणी म्हणेल, जप्ती झाली नसती तर राखणीचा प्रश्नच कुठे होता? निकालाचा तर्क साधारण तोच आहे, आणि तो पोकळ नाही. पण त्या हिशोबाने कलकत्त्याचं लोखंडही सरकारी बोटीचंच होतं. मूळ शोधत गेलं तर सरकारची प्रत्येक हालचाल कुठेतरी राजसत्तेपर्यंत पोहोचतेच.

आणि दुसरी गोष्ट याहून खटकते. खाजगी मालकाच्या बाबतीत, नोकराला जितका जास्त अधिकार दिला तितकी मालकाची जबाबदारी वाढते. फरचा स्टोल ज्याच्या हातात दिला त्याच्याबद्दल मालक उत्तर देतो, इतरांबद्दल नाही. कस्तुरीलालमध्ये हे उलटं झालं. सरकारने नोकराच्या हाती असा अधिकार दिला की समोरच्याला नाही म्हणायची सोय नाही, आणि तेवढ्याचमुळे सरकार सुटलं. लाँड्री तुम्ही निवडता. मालखाना तुम्हाला निवडतो.

गजेंद्रगडकरांना हे दिसत नव्हतं असं म्हणणं अन्यायाचं होईल. निकालाच्या शेवटाकडे त्यांची अस्वस्थता लपत नाही. ज्याचा माल कायद्याने जप्त झाला त्याला ‘तो परत मिळणार नाही आणि भरपाईही नाही’ असं सांगावं लागणं समाधानकारक नाही, असं त्यांनी लिहिलं. इलाज विधिमंडळाच्या हातात आहे, हेही सांगितलं. इंग्लंडने क्राउन प्रोसीडिंग्ज अॅक्ट करून राजाचं हे कवच काढून टाकलं होतं. तो कायदा कोणत्या सालचा? १९४७. मीरतचं सोनं मालखान्यात गेलं तेव्हा तो मंजूर होऊन दोन महिनेही झाले नव्हते. आपल्या पहिल्या विधी आयोगाचा पहिलाच अहवाल, १९५६ चा, नेमका याच विषयावर होता. निकालानंतर १९६५ आणि १९६७ मध्ये लोकसभेत विधेयकं आली. दोन्ही बारगळली, आणि तसा सर्वंकष कायदा आजवर झालेला नाही.

मग पुढे काय झालं? कोर्टांनी दार बंद ठेवून खिडक्या उघडल्या. १९६७ मध्ये जुनागढच्या कस्टम्सने जप्त केलेल्या ट्रकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालय म्हणालं की जप्त माल सांभाळणारं सरकार हे ठेव सांभाळणाऱ्यासारखंच आहे, लेखी करार असो वा नसो. १९७७ मध्ये बसवा पाटील प्रकरणात पोलिसांच्या ताब्यातून गेलेल्या दागिन्यांची किंमत सरकारकडून देववली, तीही फौजदारी प्रक्रियेतल्या मुद्देमालाच्या तरतुदीच्या वाटेने. १९८३ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी रुदल शहा प्रकरणात, निर्दोष सुटूनही चौदा वर्षं तुरुंगात राहिलेल्या माणसाला थेट रिट अर्जात, म्हणजे मूलभूत हक्क मोडल्याबद्दल सर्वोच्च न्यायालयात केलेल्या अर्जात, भरपाई दिली. दावा नाही, त्यामुळे कस्तुरीलालची आडकाठीही नाही. १९९३ च्या निलाबती बेहेरा प्रकरणात हे तत्त्व पक्कं झालं: मूलभूत हक्क मोडला असेल तर सार्वभौमत्वाचा बचाव चालणार नाही. १९९४ च्या नागेंद्र राव प्रकरणात जप्त केलेलं खत पडून-पडून खराब झालं होतं. तिथे कोर्टाने सार्वभौम कामांची यादीच इतकी आखूड केली की कस्तुरीलालला हातपाय हलवायला जागा उरली नाही. २००० मध्ये हावड्याच्या यात्री निवासातल्या अत्याचाराबद्दल रेल्वेला जबाबदार धरताना कस्तुरीलालचा जोर ओसरल्याचं कोर्टाने बोलूनही दाखवलं. एवढं होऊनही पाच न्यायमूर्तींचा तो निकाल कोणी औपचारिकपणे रद्द केलेला नाही. पुस्तकात तो उभा आहे.

आज असा प्रसंग आपल्याकडच्या एखाद्या पोलिस ठाण्यात घडला तर शहाणा वकील दावा लावून वीस वर्षं थांबणार नाही. मुद्देमाल कारकुनाकडे सोनं जमा झालं की तो सुपूर्तनाम्यावर (म्हणजे कोर्ट सांगेल तेव्हा हजर करू, या हमीवर) ते परत मागायचा अर्ज करील. २००२ मध्ये सुंदरभाई देसाई प्रकरणात (तिथे आरोप ठाण्यातल्या पोलिसांनीच मुद्देमाल हडपल्याचा होता) सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पंचनामा करा, फोटो काढा, बंधपत्र घ्या आणि वस्तू मालकाला देऊन टाका, मालखान्यात कुजवू नका. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ ने त्याला मुदतही घातली: वस्तू कोर्टापुढे आल्यावर १४ दिवसांत वर्णन, मग फोटो किंवा व्हिडिओ, आणि त्यानंतर ३० दिवसांत विल्हेवाटीचा हुकूम.

अर्ज करताना अडतं ते पंचनाम्यापाशी. आपल्याकडे पंचनाम्यात सोन्याला सोनं लिहीत नाहीत. ‘पिवळ्या धातूची एक चेन, वजन अंदाजे’ असं लिहितात, आणि त्या ‘अंदाजे’त दोन-तीन तोळे सहज मावतात. म्हणून जप्तीच्या वेळीच सराफाला बोलावून काट्यावर वजन करून घ्या, आकडा पंचनाम्यावर लिहून घ्या आणि मगच सही करा, असं जुने वकील अशिलाला बजावतात. अमृतसरच्या त्या भागीदाराचं वजन गुंजेपर्यंत पक्कं होतं. खालच्या कोर्टाने त्याचा आकडा आण्यापर्यंत मान्य केला होता. त्याचं घोडं अडलं ते अनुच्छेद ३०० मध्ये.